तीन किलोंची पारध

मित्रांनो, माझं स्वतःचं वजन किती, हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि तेही एका मासेवालीकडून. तोवर मी कापूस तोलला, रद्दी तोलली, रानडुकराचं मांस तोललं, झोळीत घातलेलं आठ दिवसांचं बाळसुद्धा तोललं. ताणकाट्याला जगातलं सगळं तोलता येतं. फक्त स्वतःच्या आकड्याला तो स्वतःच लटकू शकत नाही. या एका अडचणीमुळे यंदाच्या शिमग्यात एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. ती हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे.

मी एक जुना ताणकाटा आहे. माझं तोंड गोल, पितळी आणि मोठ्या बशीएवढं आहे. वर एक कडी, खाली एक आकडा, पोटात स्प्रिंग, आणि सोबत साखळ्यांना टांगलेलं एक पितळी पारडं. शेर आणि मण जाऊन देशात किलो आला, त्या दिवसांत भायखळ्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या तोंडावर शून्य ते दहा असे आकडे आहेत. दहाच्या पुढचं मला काही कळत नाही आणि मी कळल्यासारखं दाखवतही नाही. हा गुण माणसांत कमी आढळतो.

नोकरीची पहिली काही वर्षं मी परळच्या एका मिलमध्ये काढली. सूतखात्यात खाली पडलेला कापूस गोळा करून माझ्यावर तोलत. मग एक दिवस माझी स्प्रिंग अडकली आणि मला भंगारात काढलं. तिथून रामजी नावाच्या कामगारानं साहेबांची रीतसर चिठ्ठी घेऊन मला काळाचौकीच्या चाळीत आणलं. दोन रविवार खर्चून त्यानं मला दुरुस्त केलं. शेजारी म्हणाले, "रामजी, घरात तोलण्यासारखं आहे काय तुझ्या?" रामजी म्हणाला, "घरात नाही. गावात आहे."

हे गाव म्हणजे कोकणातलं कुडवळे. तेवीस घरांचं. शिमगा सरला की तिथं पारध निघते. ढोल वाजवत सगळे पुरुष डोंगर चढायचे, एक मुक्काम देवराईत करायचा, दुसऱ्या दिवशी रान हाकायचं आणि मिळालेल्या शिकारीचे तेवीस सारखे वाटे करायचे. जो घरात बसला त्यालाही वाटा, जो आजारी त्यालाही वाटा. पण ज्या वर्षी गावातल्या यशोदाबाईंच्या नवऱ्याला पारधीतच डुकरानं सुळा मारला आणि तो गेला, त्याच्या पुढल्या वर्षी तिच्या सुपात पडलेला वाटा कुणीतरी नजरेनं कापला होता. वीस वर्षांची विधवा. नजरेला ती लहान दिसली असावी. तिनं तो तळहाताएवढा तुकडा पाहिला आणि काही न बोलता सूप उचललं. रामजी तिथंच उभा होता. त्याच्या शेजारी त्याचा चौदा वर्षांचा मुलगा बुधाजी उभा होता.

त्यानंतरच्या वर्षी मी मुंबईहून निघालो. तेव्हापासून कुडवळ्यात वाटा माझ्याशिवाय पडला नाही. तोलण्याचा मान रामजीच्या घराकडे आला. त्या मानाला एक अट होती, ती पुढं सांगतो.

शिकारीवर बंदी घालणारा कायदा बहात्तर सालचा. आमच्या गावात तो पोचायला नव्वद साल उजाडलं, कारण रस्ताच नव्हता. पोचला तेव्हा मात्र जंगलखात्याच्या दोन माणसांबरोबर पोचला. गावानं सभा भरवली. देवाला पारध तर हवी आणि डुकराला हात तर लावायचा नाही. शेवटी पुजाऱ्यानं तोड काढली. तेव्हापासून आदल्या दिवशी एक जाणता माणूस डोंगरावर जाऊन अकरा-बारा किलोंचा लाल भोपळा रानात लपवून येतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव ढोल, काठ्या आणि आरोळ्या घेऊन त्या भोपळ्याच्या मागावर निघतं. भोपळा आजवर एकदाही निसटलेला नाही. डुकरं झाडीतून हा प्रकार बघतात, असं मला वाटतं. मला विचाराल तर मांसापेक्षा भोपळा तोलणं मला आवडतं. त्याला रक्त येत नाही.

मित्रांनो, वर्षातले दोन दिवस सोडले तर माझी किंमत काय? रामजी गेला. मिल गेली. बुधाजी म्हातारा झाला. मी दाराच्या मागे खिळ्याला लटकत असे. रद्दीवाला आला की मला काढायचं, एरवी माझ्यावर छत्र्या. दहा वर्षं माझ्या स्प्रिंगला कुणी तेल दिलं नाही. माझ्या तोंडावर हिरवट डाग पडले. बुधाजीचा मुलगा वैभव, जुन्या मिलच्या जागी झालेल्या काचेच्या इमारतीत नोकरीला. तो एकदा म्हणालाही, "बाबा, हे अँटिक म्हणून कुणीतरी घेईल." बुधाजीनं माझ्यावरची छत्री काढून दुसऱ्या खिळ्याला लावली.

आता गेल्या वर्षाचं ऐका, कारण सगळं तिथून सुरू झालं. चढावरच्या दुसऱ्या वळणावर बुधाजी खाली बसला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. पाठीवर नऊ किलोंची पिशवी होती आणि मी त्या पिशवीत होतो. वैभवनं आणि गावच्या पोरांनी त्याला चादरीत घालून चार तासांत डोंगराखाली आणलं. सामान जिथल्या तिथं राहिलं. मी एक रात्र ऐनाच्या झाडाखाली पडून होतो. माझ्या तोंडाला डावीकडे पोचा आहे, तो तेव्हाचा. वर ज्यांनी पारध पुरी केली त्यांनी भोपळा नजरेनं कापला. यशोदाबाईंना काय मिळालं, हे कुणी सांगितलं नाही. यशोदाबाईही काही बोलल्या नाहीत.

मुंबईत बुधाजीच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या. तेव्हापासून मी त्याला जरा जवळचा मानू लागलो. डॉक्टर म्हणाले, फिरा, डोंगरसुद्धा सावकाश चढा. पण पाठीवर तीन किलोंच्या वर काही नको. तीन म्हणजे तीन.

आणि मग या वर्षीचा शनिवार आला.

बस साडेपाचची होती, लालबागच्या नाक्यावरून. तीन वाजता वैभवनं मला खिळ्यावरून काढून पाळण्याच्या कडीला टांगलं. नियम त्यानंच केला होता. तरुणांना आठ किलो, बाबांना तीन. जास्तीचं सगळं घरी राहणार. आकडा वाचायचं काम त्याच्या बायकोकडं, रूपालीकडं. ती पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते. सातवीच्या मुलांना ताणकाटा समजावून सांगताना ती फळ्यावर माझंच चित्र काढते, हे मी इथं थोड्या अभिमानानं नमूद करतो.

पहिला आला मयूर. हा वैभवचा चुलतभाऊ, राहायला भोईवाड्यात. त्याची पिशवी अडकवली आणि माझा काटा दहावर जाऊन थडकला. मला कळा आल्या.

"उतरव, उतरव! तुटेल तो," रूपाली ओरडली. "काय भरलंस काय एवढं?"

मयूरनं एकेक वस्तू काढली. झाडीत दिसू नये असं पानापानाचं जाकीट. दुर्बीण. घडीची खुर्ची. गाणी वाजवायचा स्पीकर.

"भावजी, हे जाकीट कशाला?"

"वहिनी, कॅमोफ्लाज आहे. शिकारीला जातोय ना आपण."

"भोपळ्याला दिसू नये म्हणून?"

"हस, हस. दुर्बीण तरी राहू दे."

"राहू दे. पळाला तर लांबून दिसेल."

खुर्ची गेली, स्पीकर गेला, जाकीट अंगात घातलं म्हणून सुटलं. वैभवची पिशवी सात किलो नऊशे भरली. त्यानं ती तीनदा भरून तीनदा रिकामी केली होती. टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापली होती. असा माणूस दुसऱ्याला माफ करत नाही.

मग बुधाजीची पाळी आली. तीन किलो नऊशे.

"नऊशे कमी करा, बाबा," वैभव म्हणाला.

बुधाजी घरात मालवणीच बोलतो. "नऊशे काय? अजून काटो घालूचो हा तेच्यात."



"काटा यंदा नको," वैभव म्हणाला.

"मगे वाटे कशान करतलंस? दातान?"

"बाबा, एक भोपळा आहे. अकरा किलोंचा भाजीचा भोपळा! सुरी घ्यायची नि कापायचा. पन्नास ग्रॅम इकडे गेलं, तिकडे गेलं, कोण मरणार आहे?"

"वाटो भोपळ्याचो नसता रे. घराचो असता."

"मग पुढल्या वर्षी ऑनलाइन मागवतो. ऐंशी ग्रॅमचा मिळतो, मुठीत मावतो."

"पुढल्या वर्षी," बुधाजी म्हणाला. "नि गेल्या वर्षी झाला ता?"

 वैभवची आई, मालन, ओट्याशी उभी राहून डब्यात काकडीचं गोड धोंडस भरत होती. तिनं डब्याचं झाकण जरा जोरात लावलं.

"ठीक आहे," वैभव शेवटी म्हणाला. "न्या. पण त्याचंही वजन तुमच्या तीन किलोंत धरायचं. काटा किती वजनाचा आहे?"

मित्रांनो, आता नीट लक्ष द्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कडीला लटकत होतो. मला कशाला अडकवून तोलणार? बुधाजीनंही माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं त्यानं मला हातात धरलं आहे. त्याच्याएवढी माझ्या वजनाची ओळख कुणालाच नाही.

"असतलो अर्धो किलो," तो म्हणाला.

माझा काटा शून्यावर होता. त्याला दुसरीकडे जाता येत नव्हतं.

"म्हणजे पिशवी अडीचच्या आत," वैभव म्हणाला आणि वहीत लिहून मयूरला घेऊन खाली पाण्याचे कॅन बघायला गेला. तेवढ्यात रूपालीचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली. बुधाजीनं स्वेटर आणि लुंगी काढून कॉटवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. तेवढ्यानं भागणार नव्हतं. मग त्यानं पिशवीच्या तळातून पाण्याची भरलेली बाटली काढली. एक लिटरची. क्षणभर ती हातात धरली आणि कॉटखाली सरकवून दिली.

हे मी पाहिलं. मालननंही पाहिलं असावं, कारण तिचा हात धोंडसावर थांबला होता. पण ती पाठमोरी होती, खात्रीनं सांगता येत नाही.

रूपाली परत आली. पिशवी अडकवली. मी जे होतं ते दाखवलं. मला दुसरं येतच नाही.

"दोन पाचशे," तिनं वाचलं. "अधिक काट्याचा अर्धा. बरोबर तीन. बाबा, पास!"

बुधाजी हसला. मला कडीवरून उतरवून त्यानं फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. आत अंधार होता. चादर, एक कपड्यांचा जोड, मानाचा नारळ, औषधांची पिशवी आणि रक्तदाब मोजायचं यंत्र. पाणी नव्हतं. मार्च महिना, दोन दिवस, डोंगर. मी हिशेब केला. पावणेपाच किलो आणि कोरडा घसा. दुसरं वळण मला तोंडपाठ होतं. ऐनाचं झाड तोंडपाठ होतं. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण माझी सगळी बोली म्हणजे एक काटा, आणि तो आता फडक्यात होता.

पाच वाजून गेले. बुधाजी दाढी करायला बसला. रूपालीनं मोरीच्या वाटेतली पिशवी बाजूला ठेवायला उचलली आणि तिचा हात थांबला.

मित्रांनो, तो हात रोज एका बाजूला भाजीची पिशवी आणि दुसऱ्या बाजूला पन्नास वह्या घेऊन दोन मजले चढतो. आकडा डोळ्यांनी वाचला होता, पण हाताला तो पटेना. तिनं पिशवी खाली ठेवली. पुन्हा उचलली. मग चेन उघडून मला बाहेर काढलं आणि पदराखाली धरून दाराकडे निघाली.

"खंय घेऊन चललंस गो तेका?" मालननं विचारलं.

"खाली. आलेच पाच मिनिटांत, आई."

मालननं आतल्या बाजूला पाहिलं. नवरा आरशात गाल ताणून बसला होता. मग ती हलकेच म्हणाली, "कालिंदीकडे जा. तिचो काटो खरो."

कालिंदी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासे घेऊन बसते. तिच्यापुढं सपाट, पांढरा, लाल आकडे चमकवणारा काटा असतो. मी त्याला जाता-येता पाहिलं होतं. ओळख नव्हती.

"काय मास्तरीणबाई, मोडीत काढताय काय याला?"

"वजन करून दे ना याचं. पटकन."

कालिंदीनं ओला हात पदराला पुसला आणि मला पारड्यासकट, साखळ्यांसकट त्या पांढऱ्या ताटलीत आडवं टाकलं. शेजारी बोंबील होते. आयुष्यभर मी दुसऱ्यांना लटकवलं. आज मी पडलो होतो आणि कुणीतरी माझा आकडा ठरवत होतं. ती लाज मी विसरणार नाही. आकडे थरथरले आणि थांबले.

"दोन किलो दोनशे चाळीस," कालिंदी म्हणाली. "एवढ्या वजनाचा हलवा मासा असता तर आत्ता विकला गेला असता. अगं, काय झालं? चेहरा का उतरला?"

रूपालीनं मला पुन्हा पदराखाली घेतलं. पहिल्या जिन्यावर ती थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. वैभवला सांगावं, तर मयूरसमोर सासऱ्याचा खोटेपणा उघडा. न सांगावं, तर दुसरं वळण. खाली नाक्यावरून मयूरचा आवाज आला, "वहिनी, बस लालबागला पोचली! आटपा!" ती उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करून चढली.

बुधाजी पिशवीपाशीच उभा होता. चेन उघडी बघून त्याला कळलं होतं.

"बाबा, अर्धा किलो?"

"कोणी जोखल्यान?"

"कालिंदीनं. सव्वादोन." तिनं मला कॉटवर ठेवलं आणि ठेवता ठेवता वाकली, तेव्हा तिला कॉटखालची बाटली दिसली. ती तिनं माझ्या शेजारी ठेवली.  "पाणी? बाबा, पाणी काढलंत?"

"झरो असा वर."

"मार्चमध्ये?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तीन मी वाचले. वैभवनं मला विचारलं आणि मी ओरडून सांगितलं, पास. वर तुम्हांला काही झालं असतं तर तो आकडा माझ्या तोंडचा होता. तुम्ही माझ्या तोंडून खोटं वदवलंत."

बुधाजी कॉटवर बसला. दाढीचा साबण अजून कानाशी होता.

"यशोदा काय बोलली नाय गो," तो म्हणाला. "बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरा झाला असता. पन्नास वर्सां तिचो वाटो पुरो पडलो. आणि चुकलो तो माझ्यामुळे. मी खाली बसलंय म्हणून."

"मला कळतंय. मग आता तुम्हीच ठरवा, काय मागे ठेवायचं ते."

तिनं पिशवी कॉटवर रिकामी केली. चादर बाजूला. कपडे बाजूला. नारळ, तो मयूर घेईल. उरलं पाणी एक किलो. औषधं आणि यंत्र सहाशे ग्रॅम. आणि मी. आमच्याकडे बघायला आकडेमोड लागत नव्हती, तरी ती शिक्षिका होती, तिनं मोठ्यानं केली. "तीन आठशे चाळीस. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालात तरी बसत नाही."

बुधाजीनं बाटलीकडे पाहिलं. औषधांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी पोचा आलेल्या तोंडानं त्याच्याकडे बघत होतो. आम्हा दोघांच्याही आत स्प्रिंग. तिच्यावर किती ताण पडू द्यायचा, हे ज्याचं त्यानंच ओळखायचं असतं.

जिन्यात पावलं वाजली. वैभव आत आला, मागोमाग पानापानाचा मयूर. "चला, चला! ड्रायव्हर हॉर्न देतोय. हे काय, पिशवी का उघडली?"

 रूपालीनं सासऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. तो वेळ मला पुऱ्या पावसाळ्याएवढा वाटला.

"झिला," बुधाजी म्हणाला, "एक वस्तू जड जाता. ती हयसर रवांदे."

"कुठली?"

"मी."

वैभवला आधी कळलं नाही. मग बुधाजीनं सगळं सांगितलं. अर्धा किलो, सव्वादोन, बाटली. एकही शब्द सुनेवर ढकलला नाही. वैभवचे कान लाल झाले. "खोटं बोललात? मला? गेल्या वर्षी चार तास तुम्हांला खांद्यावर..." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "काटा राहू दे इथं! खड्ड्यात गेला काटा. तुम्ही चला."

"काटो गेलो तर वाटो होता. मी गेलो तर निस्तो माणूस वर जाता," बुधाजी म्हणाला. "हात घराचो व्हयो. तुझो हात घराचोच असा. मालन, कांदे दी चार."

बाहेर हॉर्न वाजला. एकदा, दोनदा.

मालननं कांदे दिले. बुधाजी उठला. मला वैभवच्या हातात दिलं, स्वतः त्याच्या मागं उभा राहिला आणि त्याचं कोपर धरून हात वर केला. "डोळो काट्याच्या समोर. वर नको, खाली नको. वरसून बघलंस तर कमी दिसता. आता श्वास सोड. सोड म्हणतंय! रागात तोलू नको, काटो हलता. थांबलो? मगे वाच."

"सहाशे..." वैभवनं काटा स्थिर होऊ दिला. "सहाशे पन्नास."

"एक कांदो काढ. परत."

"पाचशे."

"बघलंस? आणि एक. तोलतल्याचो वाटो शेवटाक. कमी पडलो तर तेचोच पडाक व्हयो. ही अट असा. कळली?"

हीच ती अट, मित्रांनो, जी मी पुढं सांगतो म्हणालो होतो. मान रामजीच्या घराला मिळाला, तो या बोलीवर, की तोलणारा आपला वाटा सगळ्यांत शेवटी घेणार आणि कमी पडलं तर त्याचंच पडणार.

वैभवची पिशवी सात किलो नऊशे होती. मला घ्यायचं तर सव्वादोन काढायला हवं. त्यानं गॅसची छोटी शेगडी काढली. मग कॅमेऱ्याचा तिपाया काढला. तो त्याच्या फार जिवाचा होता, गेल्याच महिन्यात आणलेला. तो कॉटवर ठेवताना त्यानं त्याला फडक्यात गुंडाळलं. मग तेच फडकं परत काढलं आणि मला गुंडाळलं.

दारात तो थांबला. बापाच्या कानाजवळचा साबण त्यानं अंगठ्यानं पुसला.  आम्ही निघालो.

दुसऱ्या वळणावर ऐनाचं झाड होतं. झरा आटलेला होता. वैभव तिथं उभा राहून दोन घोट पाणी प्यायला आणि बराच वेळ त्या कोरड्या दगडांकडे बघत होता. 

भोपळा यंदाही सापडला, मयूरच्या दुर्बिणीला नव्हे, त्याच्या पायाला. तो त्याला अडखळून पडला.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही काळाचौकीला परतलो. बुधाजी गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. मयूरची, ती घडीची. वैभवनं बूट काढायच्या आधी मला कडीला टांगलं आणि पानात बांधलेला आमच्या घरचा वाटा पारड्यात ठेवला. बुधाजी उठून माझ्यासमोर आला. डोळा काट्याच्या समोर आणला. श्वास सोडला.

"तीनशे पन्नास," तो म्हणाला. "बाकीच्यांचो किती?"

"पाचशे. सगळ्यांचा."

"आपलो दीडशान कमी?"

"भोपळा संपला."

बुधाजीनं विचारलं, "यशोदेक?"

"पाचशे. मी वाचला नाही, त्यांनाच वाचायला लावला. चष्मा लावून वाचला. म्हणाल्या, 'काटो इलो मा? मगे बुधाजी खंय असा?' मी सांगितलं, घरी राहिले. म्हणाल्या, 'घराक रवलो? शाणो झालो मरे शेवटाक!'"

मालन ओट्याशी खुदकन हसली. बुधाजीनं पुन्हा एकदा माझ्या तोंडाकडे, तीनशे पन्नासकडे पाहिलं. मग पारड्यातला भोपळा काढून सुनेच्या हातात दिला.

"बरोबर असा," तो म्हणाला.

तेवढ्या भोपळ्यात पाच माणसांना दोन-दोन गोड घारगे पुरले. कालिंदीलाही पाठवले.

मित्रांनो, आता मी दाराच्या मागे नसतो. बुधाजीनं हातोडी वैभवच्या हातात दिली आणि नवा खिळा वैभवच्या पुस्तकांच्या फळीजवळ ठोकायला लावला. दर दोन महिन्यांनी मला तेलाचा थेंब मिळतो. छत्र्यांची सोय दुसरीकडे झाली आहे. माझ्यावर रूपालीनं कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर लिहिलं आहे, 'माझे वजन २ किलो २४० ग्रॅम.'

तुमच्याही घरात एखादा जुना काटा असेल. त्याला दहाच्या पुढं ताणू नका आणि गंजू देऊ नका, कारण ताणलेली स्प्रिंग पुढं आयुष्यभर थोडं थोडं खोटं बोलत राहते, आणि तिचा त्यात दोष नसतो. आणि डोंगरावर निघताना काय मागे ठेवायचं, ते घरातच ठरवा. वळणावर पोचल्यावर ते डोंगर ठरवतो.